दोन वाटे मामाचे

९ फेब्रुवारी

दाईबाई म्हणाली लिही, म्हणून लिहितेय. विब्के नाव तिचं. सायकलवरून येते, बाळाला तराजूत घालते आणि म्हणते, "छान, छान." मला जर्मन तेवढंच नीट कळतं. आज तिनं फोनवरच्या दुभाष्या बाईकडून विचारलं, झोप लागते का, रडू येतं का. मी म्हटलं, भीती वाटते. कशाची? म्हटलं, सगळ्याची. मग म्हणाली, मनात येईल ते तुझ्या भाषेत लिहीत जा, वाचणार कोणी नाही.

मी सहावीपर्यंत शिकले. मग शाळेवर बाँब पडला आणि पुढचं कोणी विचारलंच नाही. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. असू दे.

बाळाचं नाव किनान. सात दिवसांचा आहे. झोपला की मी त्याच्या नाकापाशी बोट धरून बसते.

११ फेब्रुवारी

कशाकशाची भीती वाटते ते लिहिते, म्हणजे डोक्यातून जाईल. श्वास थांबेल याची. दूध आटेल याची. इथलं सरकार बाळं काढून घेतं म्हणतात, त्याची. तिकडे सीरियात, हमाहून सासूबाईंचा फोन आला की, त्याची. नाही आला तरी.

लिहून काही गेलं नाही डोक्यातून.

पण समीहा मावशी आहेत. खालच्या मजल्यावर राहतात. नात्यातल्या नाहीत, आपल्याकडच्या एवढंच. माझी आई तुर्कस्तानात रेहानलीच्या छावणीत, तिला कोण येऊ देतंय. मावशी म्हणाल्या, बाळंतिणीला चाळीस दिवस एकटं ठेवायचं नसतं, मी काय मेलेय का? सकाळी येतात ते माझा नवरा, झाहेर, कामावरून येईपर्यंत हलत नाहीत. शहाजिऱ्याची खीर केली, वर अक्रोड, बदाम, खोबरं. म्हणाल्या, "खा, लाजू नको, हे तुला नाही, तुझ्या दुधाला आहे." पोट बांधून दिलं. बाळाला तेल लावताना त्याला शिव्या देतात, दृष्ट लागू नये म्हणून. "काळ्या उंदरा, माकडा, कोणी आणलं रे तुला?" आणि मुके घेतात.

किनान झाला तेव्हा झाहेरला कोरोना होता, दवाखान्यात सोडलंच नाही त्याला. मला गाडीतून मावशींच्या यजमानांनीच नेलं. घरी आल्यावर बाळाच्या उजव्या कानात अजान कोण म्हणणार? त्यांनीच म्हटली. अबू यझन म्हणतात त्यांना सगळे, मी काका म्हणते. तळघरात लोकांच्या सायकली दुरुस्त करतात. फार बोलत नाहीत. अजान इतकी हळू म्हटली की बाळ हसल्यासारखं झालं.

त्यांचा मुलगा यझन रॉटरडॅमला असतो. आईला फोन करतो, बापाशी बोलत नाही. मावशी फोन पुढे करतात, तो पलीकडून ठेवून देतो. मी झाहेरला म्हटलं, कसली पोरं असतात बघ, एवढा गरीब बाप!

१८ फेब्रुवारी

आज ऊन पडलं. काका बाळाला बघायला आले, सायकलच्या वंगणाचे हात तीनदा धुवून. किनान भुकेला होता, कपड्याची बाही तोंडात धरून चोखत होता.

काका म्हणाले, "पोरात दोन वाटे मामाचे असतात, खोटं नाही. तोही असाच. दिवा गेला की डावी बाही तोंडात."

मावशी म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या आणि जा बघू, तिला पाजायचंय."

मी हसले. माझं तोंड म्हणजे उघडी खिडकी, काय काय सांगून ठेवलं असेल नवारबद्दल. नवार माझा भाऊ. एकोणीस वर्षांचा होता, सैन्यातली माणसं घरातून घेऊन गेली. मी तेरा वर्षांची होते. आठ वर्षं झाली. कुठे आहे कोणाला माहीत नाही. मावशींपाशी त्याचं नाव काढून रडते कधीकधी. मावशी म्हणतात, रडू नको, दूध कडू होतं.

१ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी उजाडायच्या आत जिन्यात बुटांचे आवाज आले. खूप बूट. मला वाटलं झाहेरसाठी आले. मी पहिलं काय केलं, तर दारातले त्याचे जोडे उचलून वॉशिंग मशीनमध्ये टाकले. नवारच्या वेळी आई म्हणाली होती, तो घरात नाही. पण उंबऱ्यावर त्याचे बूट होते, ओले. त्यांनी बूट उचलले, आईच्या तोंडासमोर धरले, आणि आत शिरले.

झाहेर उठून म्हणतो, "काय करतेस? हे जर्मनी आहे बाई, इथं मला पकडून कोण पोसणार?" पण त्याचाही चेहरा पांढरा.

बूट आमच्या दाराशी थांबले नाहीत. खाली दार वाजलं. मावशींचा आवाज. मग पडद्याआडून बघितलं, काका पोलिसांच्या मध्ये चालत होते. पळत नव्हते, ओढत नव्हतं कोणी. एका पोलिसानं गाडीत बसवताना त्यांच्या डोक्यावर हात धरला, दाराला लागू नये म्हणून.

नंतर झाहेर म्हणाला, "माझे बूट कुठायत, कामाला उशीर होतोय." तोवर मी चुकून मशीन सुरू केलं होतं. सपाता घालून गेला.

३ मार्च

सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. फ्रँकफर्टच्या भाजीबाजारात एका माणसानं काकांना ओळखलं, तो जाऊन पोलिसांना बोलला. म्हणतात, दमास्कसला गुप्त पोलिसांच्या शाखेच्या तळघरात काका शिपाई होते. जिथं पकडलेल्या पोरांना हालहाल करून मारत, तिथं. इथलं कोर्ट तिथल्या गुन्ह्याचा खटला इथं चालवू शकतं म्हणे. काका म्हणतात, मी तिथं कधी गेलोच नाही, मी होम्सला सैन्याच्या कपड्यांच्या गोदामात होतो.

तिसऱ्या मजल्यावरची उम्म लैस जिन्यात मला म्हणाली, "खीर गोड लागली का गं?"

मी म्हटलं, "तुम्ही आणली असतीत तर तुमचीही लागली असती."

काका तसे नाहीत. हात धुवून बाळाला घेणारा माणूस. चूक होते पोलिसांची. आपल्याकडे तर नुसतं नाव सारखं म्हणूनही लोकांना धरून नेलं.

मावशी आल्या नाहीत आज. खाली पाण्याचा नळ वाजत होता दिवसभर.

४ मार्च

पोलीसबाई आली, साध्या कपड्यात, सोबत दुभाष्या. दुभाष्या लेबनानी, बोलताना सारखा घड्याळ बघत होता. मी कॉफी केली. बाई म्हणाली, घाबरू नका. असं कोणी म्हटलं की मला जास्तच भीती वाटते.

विचारलं, शेजारी कसे? मी सांगितलं, बापासारखे. आमच्या घरी जेवलेत, आम्ही त्यांच्या घरी. कधी युद्धाचं, तुरुंगाचं काही बोलले? म्हटलं, नाही. खरंच नाही बोलले.

झाहेर त्यांना सोडून आला आणि म्हणाला, "बरं बोललीस. आपण भलं आणि आपलं काम भलं." त्याचे आईबाप, बहिणी हमामध्ये आहेत. इथं आपण काही बोललो की तिथं त्यांचं दार वाजतं.

मी दुपारी खाली गेले, बाळाला घेऊन. मावशींनी दार उघडलं. म्हटलं, "चाळीस दिवस झाले नाहीत अजून. मला एकटं सोडणार का?" त्यांनी ओढणी घेतली आणि माझ्यामागे जिना चढल्या. उम्म लैस वरून बघत होती. बघू दे. मीठ खाल्लंय मी त्यांचं.

७ मार्च

आईचा व्हिडिओ फोन. छावणीत पाऊस, चिखल. किनानला दाखवलं. बाही तोंडात होती.

आई एकदम ओरडली, "अगं, हा तर नवार! अगदी नवार!" मग आवाज खाली आणून, "कोणाला सांगितलं नाहीस ना गं त्याचं? शपथ घातली होती मी तुम्हाला."

तेव्हा आठवलं. नवार एवढा घोडा झाला तरी झोपताना बाही चावायचा. आईनं आम्हा बहिणींना कुराणावर हात ठेवायला लावला होता, बाहेर बोलायचं नाही, पोराला बायको कोण देणार! मी नाही सांगितलं कधी. माझं तोंड उघडी खिडकी खरी, पण ही एक फट मी बंद ठेवली होती. झाहेरलासुद्धा नाही सांगितलं.

मग काकांना कोणी सांगितलं?

डावी बाही. दिवा गेला की.

आई विचारत होती, काय झालं, चेहरा का असा झाला? मी म्हटलं, नेट गेलं, आणि फोन ठेवला.

८ मार्च

झाहेरला विचारलं, नवारला झोपताना काही खोड होती असं मी तुला कधी म्हणाले? म्हणाला, नाही, काय खोड? मग सगळं सांगितलं.

तो भाजी चिरत होता. सुरी ठेवून दिली. हात पुसले. मग म्हणाला, "कोणीतरी असंच बोललं असेल. हजार पोरं बाही चावतात."

"डावी?"

"रुदैना, माझी आई आहे तिथं."

"माझा भाऊ आहे तिथं."

"तुझा भाऊ—" म्हणाला आणि थांबला. मला कळलं तो काय म्हणणार होता. तोही रडला मग. कांद्यामुळे म्हणाला. कांदा नव्हता, दोडके होते.

काकांनी सांगितलंच का? मी तेच घोळवतेय. धमकी नव्हती त्यात, काही काढून घ्यायचं नव्हतं. मी नव्यानं आई झालेली, भावासाठी रडणारी, त्यांना वाटलं असेल हिला भावाचं काहीतरी द्यावं. त्यांच्यापाशी द्यायला एवढंच होतं. चांगलं वागायला गेले म्हणून मला कळलं. हे कोर्टात बोलायचं, म्हणजे त्यांच्या चांगुलपणालाच पकडून द्यायचं. वाईट वागले असते तर किती सोपं झालं असतं.

आणि मावशी? त्यांनी त्या दिवशी चहा घ्या आणि जा म्हटलं होतं. मला पाजायचं होतं म्हणून, मला वाटलं.

१४ मार्च

आज चाळिसावं न्हाण. आईनं घालायचं असतं. मावशी सकाळीच आल्या. आलं, मेथी आणि द्राक्षाची काकवी कालवून आणली होती, अंगाला चोळायला. आधी किनानला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळून झोपवलं. मग मला बाथरूममध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं. पाठीला लावलेलं चुरचुरत होतं.

मी ठरवलं होतं न्हाण झाल्यावर बोलायचं. पण त्यांचे हात पाठीवर होते आणि तोंड दिसत नव्हतं, म्हणून तेव्हाच बोलले.

"मावशी, काका नवारला ओळखत होते."

हात थांबले नाहीत.

"मी पोलिसांना सांगणार आहे. लपवून सांगायचं नव्हतं मला, म्हणून तुम्हाला आधी सांगते."

"डोळे मीट," त्या म्हणाल्या, "साबण जाईल." आणि डोक्यावर पाणी ओतलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. ओठांत दुआ पुटपुटत होत्या, ती चुकवली नाही.

मग म्हणाल्या, "मला सांगितलं होतं गोदामात आहे. दोन-दोन आठवड्यांनी घरी यायचा. गणवेश मीच धुवायचे."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

"वास यायचा कपड्यांना. मी दोनदा साबण लावायचे, मग यायचा नाही. माहीत असणं म्हणजे आणखी काय असतं गं?"

त्यांनी मला टॉवेलात गुंडाळलं, केस पुसले, विंचरले, मधे भांग पाडला. नवी नवरी करतात तसं. दारापाशी म्हणाल्या, "तुला जे करायचं ते कर. मी अडवलं नाही, असं लक्षात ठेव." मग चप्पल शोधत बसल्या, समोरच होती.

झाहेर आल्यावर मी म्हटलं, मी जाणार. तो म्हणाला, "जन्मभर बडबड केलीस. एकदा गप्प बस म्हटलं, तर थेट कोर्टात." पण पोलीसबाईचा नंबर त्यानंच शोधून लावून दिला. अट एकच घातली, आपला पत्ता आणि त्याच्या घरचं नाव कुठं यायला नको. बाई हो म्हणाली.

१७ मार्च

सांगितलं. या वेळचा दुभाष्या घड्याळ बघत नव्हता. बाही म्हटल्यावर त्यानं चष्मा काढून पुसला.

११ जानेवारी

मधले बरेच महिने कोरी पानं. किनानला दात आले, रांगायला लागला, विब्केबाईचं येणं बंद झालं. मावशी वर येत नाहीत, मी खाली जात नाही. जिन्यात भेटलो तर त्या बाळाकडे बघतात, मी पायऱ्यांकडे. त्या दिवशी बाळानं त्यांची ओढणी धरली आणि सोडेना. आम्ही दोघी मिळून त्याची बोटं सोडवली.

१२ जानेवारी

आज कोर्ट.

झाहेरनं सुट्टी घेतली, किनानला घेऊन बाहेर बाकावर बसला. आत मला इतकी भीती वाटत होती की बाकी काही आठवत नाही, फक्त खोली उबदार होती आणि पाण्याचा ग्लास कागदाचा. पाच न्यायाधीश. मधली बाई, केस पिकलेले, माझ्या आईच्या वयाची.

काका डावीकडे बसले होते. मास्क लावलेला, त्यामुळे डोळेच दिसत होते. त्यांनी खटल्यात आजवर एक शब्द काढलेला नाही. कायद्यानं गप्प बसता येतं म्हणे.

मधल्या बाईनं पहिलं विचारलं, आरोपीशी काही नातं? दुभाष्या म्हणाला, रक्ताचं किंवा लग्नाचं, ते सगळ्यांनाच विचारतात. मी म्हटलं, "तसलं नाही. दुसरं आहे, त्याला तुमच्यात काय म्हणतात मला माहीत नाही. माझ्या मुलाच्या कानात पहिला शब्द त्यांनी टाकला." दुभाष्यानं सांगितलं. न्यायाधीश बाईनं पेन ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मग मी बाहीचं सांगितलं.

काकांच्या वकिलानं विचारलं, त्यांच्या घरी किती वेळा जेवलात? म्हटलं, आमच्यात मोजत नाहीत. त्यांनी कधी त्रास दिला? नाही. कधी वाईट बोलले? नाही. म्हणजे चांगला माणूस? म्हटलं, "माझ्याशी चांगले वागले. नवारशी कसे वागले ते मला माहीत नाही, तेच विचारायला आलेय."

आणि मी वळले. वळायचं नसतं, सांगून ठेवलं होतं, पण वळले. म्हटलं, "काका, मी तुमच्यावर ओरडायला आले नाही. माझी आई दर शुक्रवारी त्याच्यासाठी एक ताट वेगळं काढते आणि मग छावणीतल्या पोरांना देते. तो आहे की नाही, एवढं सांगा. पुढचं हे लोक बघतील."

त्यांनी टेबलाकडे बघितलं. वकिलानं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

न्यायाधीश बाई म्हणाली, माझ्याशी बोला. हळू म्हणाली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "सांग ना तिला! तोंड शिवलंय का तुझं? पोरगी विचारतेय, सांग!"

समीहा मावशी. मागं लोकांच्यात बसल्या होत्या, मला माहीतच नव्हतं. शिपाई त्यांच्याकडे गेला. त्या उभ्या राहून ओरडत होत्या, "खीर मी घातली तिला! माझ्या हातची खाल्ली तिनं!" दोघांनी धरून बाहेर नेलं. काकांनी मान वर केली नाही. पण मास्क हलत होता, ओठ हलल्यासारखा. आवाज आला नाही.

बाहेर आले तर किनान झाहेरच्या खांद्यावर झोपलेला आणि झाहेरच्या जॅकेटवर लाळ. झाहेर म्हणाला, "झालं?" म्हटलं, झालं. "मग रडतेस का?" म्हटलं, नाही बोलले ते.

२६ जानेवारी

मावशी पत्र्याच्या डब्यापाशी कचरा टाकत होत्या. मी जवळ गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

म्हणाल्या, "दर आठवड्याला भेटायला जायचे त्याला. कपडे न्यायचे धुतलेले. आता जात नाही. निरोप पाठवलाय, पोरीला सांगितल्याशिवाय माझं तोंड दिसणार नाही, आणि कपडे तुरुंगातच धू."

"मावशी, सांगितलं तर त्यांना जास्त शिक्षा होईल."

"मला मोजता येतं," त्या म्हणाल्या आणि झाकण आपटलं.

९ फेब्रुवारी

आज कोर्टात वकिलानं त्यांचं म्हणणं वाचून दाखवलं. मला कोर्टातल्या बाईनं फोन करून सांगितलं, दुभाष्या जोडून. आधी विचारलं, बसलेल्या आहात का? मी उभीच होते. खाली बसले, फरशीवर.

काका त्या शाखेत होते. तळघराच्या दाराशी. मारणारे दुसरे होते म्हणतात, दार उघडायचं आणि लावायचं काम त्यांचं. किल्ली त्यांच्या कमरेला. इद्लिबकडचा, म्हणजे आमच्याकडचा, एक पोरगा होता, बाही चावणारा, बाकीची पोरं त्याला बाळ म्हणून चिडवायची. पकडून आणल्यावर पहिल्याच थंडीत गेला, तापात, पायाच्या जखमा चिघळून. पाणी मागितलं ते दिलं नाही, कारण देणाऱ्यालाही आत टाकत होते. ट्रकपर्यंत त्याला उचलून नेणाऱ्यांत काका होते. ट्रक कुठं गेला माहीत नाही. पोरगं हलकं होतं, असं त्यांनी म्हटलंय.

दोन वेळा विचारलं त्या बाईनं, ऐकताय ना?

किनान आला आणि माझ्या मांडीवर चढला, फोन ओढायला लागला. मी दिला त्याला.

पहिलीच थंडी. म्हणजे मी चौदाची पण नव्हते. आठ वर्षं आपण काय काय केलं, लग्न केलं, नाचलो, आणि तो नव्हताच.

१० फेब्रुवारी

आईला सांगितलं.

पलीकडून नुसता तंबूच्या कापडाचा फडफड आवाज येत होता. मला वाटलं पडली की काय. मग म्हणाली, "म्हणजे मी दुआ चुकीची मागत होते गं. जिवंत माणसाची मागत होते. हे अल्ला, त्याला ऊब दे, त्याला भाकरी दे. एवढी वर्षं."

"आई."

"वाया नसेल ना गेली? कुठंतरी दुसऱ्या कोणाच्या पोराला लागली असेल ना?"

मी म्हटलं, लागली असेल.

"आजपासून बदलते," ती म्हणाली. मग नाक शिंकरलं आणि विचारलं, किनाननं काय खाल्लं.

१३ फेब्रुवारी

घरात तीन दिवस सुतक. आपल्यात घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारच्यांनी आणलं. उम्म लैसनं भात आणला, काही टोमणा मारला नाही. बायका बसायच्या खोलीत, पुरुष झाहेरबरोबर आत. बिनसाखरेची कॉफी. फोन उशीला टेकवून ठेवला होता, आई त्यातून सगळ्यांना बघत होती, येणाऱ्या प्रत्येकीनं वाकून तिला सलाम केला. एवढ्या बायका नवारसाठी आल्या. एकीनंही त्याला पाहिलेलं नव्हतं.

दुपारी झाहेर दाराशी येऊन हळूच म्हणाला, "खाली जिन्यात कोणीतरी उभं आहे. कधीचं."

मी गेले. मावशी. काळी ओढणी, हात रिकामे, भिंतीला लागून. आमच्या मजल्याच्या सहा-सात पायऱ्या खाली.

म्हणाल्या, "मी वर येत नाही. आमच्या घरच्यानं यायचं नसतं, मला कळतं."

"मग उभ्या का आहात?"

"जाऊ कुठं?"

वर बायकांचं बोलणं थांबलं होतं. दार उघडं होतं, सगळ्या ऐकत होत्या.

मी म्हटलं, "मावशी, मला अजून काहीच माफ करता येत नाही. त्यांनाही नाही, तुम्हालाही नाही. मला ते जमतच नाहीये."

"मी मागितलं का?" त्या म्हणाल्या. नेहमीच्यासारख्या, खेकसून.

मी तिथंच पायरीवर बसायला गेले. त्यांनी माझा दंड धरला.

"गार फरशीवर बसतेस? पोटात थंडी भरेल. कोणी शिकवलं नाही का तुला?"

आणि स्वतःची ओढणी काढली, घडी केली, पायरीवर घातली. डोकं उघडं पडलं त्यांचं, जिन्यात, सगळ्यांसमोर. केस पार पांढरे झालेत, मला माहीत नव्हतं.

मी बसले.